संघर्ष-खनिजं: पुरवठा साखळी स्मेल्टरपर्यंत कशी तपासायची

सर्किट बोर्डावरचं सोल्डर, कनेक्टरच्या पिनांवरचा सोन्याचा मुलामा, टँटॅलमचे कपॅसिटर, फोन थरथरवणाऱ्या मोटरीतलं टंगस्टनचं वजन. कारखान्यात या धातूंचा हिशेब ग्रॅममध्ये होतो, कधी मायक्रॉनमध्ये. पण त्यातला काही भाग काँगोच्या पूर्वेकडच्या खाणींतून आलेला असू शकतो. तिथे खाणीच्या तोंडाशी आणि रस्त्यावरच्या नाक्यांवर सशस्त्र टोळ्या पोत्यामागे वसुली करतात आणि त्या पैशातून बंदुका येतात. आपल्या खरेदीतला पैसा त्या वाटेनं जाऊ नये, यासाठी पुरवठा साखळी तपासण्याचं हे काम आहे.

कथील, टँटॅलम, टंगस्टन आणि सोनं या चौघांना मिळून ‘थ्रीटीजी’ म्हणतात (इंग्रजी नावांतले तीन टी आणि गोल्डचा जी); संघर्ष-खनिजं म्हणतात ती हीच. कथील कॅसिटेराइटमधून निघतं, टँटॅलम कोलंबाइट-टँटॅलाइटमधून (याचंच बाजारातलं नाव कोल्टान) आणि टंगस्टन वुल्फ्रॅमाइटमधून.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ‘काँगोचा माल नको’ अशी ओळ पर्चेस ऑर्डरमध्ये टाकून हात झटकणं, हे जबाबदार सोर्सिंग नाही. सप्टेंबर २०१० मध्ये काँगोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ कबिला यांनी उत्तर किवू, दक्षिण किवू आणि मानिएमा या प्रांतांतलं हातखाणकाम थांबवलं. मार्च २०११ पर्यंत ते बंद होतं. त्याच सुमारास परदेशी खरेदीदारांनीही तिथून अंग काढून घेतलं. हातानं खणून पोट भरणाऱ्या माणसांची कमाई गेली, तस्करी मात्र चालूच राहिली. तेव्हा माल कुठून येतो ते शोधा, धोका कुठे आहे ते ओळखा आणि सुधारणेसाठी दबाव ठेवा. देशावर सरसकट फुली मारू नका.

तुम्हाला नक्की काय लागू आहे

अमेरिकेच्या डॉड-फ्रँक कायद्याचं कलम १५०२ जुलै २०१० चं आहे. त्यावरचा एसईसीचा (अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाचा) नियम ऑगस्ट २०१२ मध्ये आला. तो थेट लागू होतो एसईसीकडे अहवाल दाखल करणाऱ्या कंपन्यांना. पण त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना विचारतात, ते त्यांच्या पुरवठादारांना, आणि विचारणा शेवटी स्टॅम्पिंग किंवा प्लेटिंग करणाऱ्या छोट्या युनिटपर्यंत पोचते. या नियमात काँगो लोकशाही प्रजासत्ताक (डीआरसी, या लेखात नुसतं ‘काँगो’ म्हटलंय ते हेच) आणि त्याच्या सीमेवरचे नऊ देश येतात: अंगोला, बुरुंडी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, काँगो (ब्राझाव्हिल), रवांडा, दक्षिण सुदान, टांझानिया, युगांडा आणि झांबिया.

युरोपीय संघाचा २०१७/८२१ हा नियम १ जानेवारी २०२१ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यात देशांची ठरावीक यादी नाही, जगातला कुठलाही संघर्षग्रस्त किंवा जोखमीचा भाग येतो. मात्र तो तयार वस्तू बनवणाऱ्यांना लागू नाही. खनिज किंवा धातू संघात आयात करणाऱ्यांना लागू आहे, तेही वर्षाची मर्यादा ओलांडली तरच. न घडवलेल्या सोन्यासाठी ही मर्यादा १०० किलो आहे, न घडवलेल्या कथलासाठी १,००,००० किलो.

दोन्हींच्या मुळाशी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेचं मार्गदर्शन आहे. त्याची पहिली आवृत्ती २०११ ची, तिसरी २०१६ ची. त्यातले पाच टप्पे असे: कंपनीत व्यवस्था उभारणं, जोखीम ओळखणं, तिच्यावर उपाय करणं, साखळीतल्या ठरावीक ठिकाणी स्वतंत्र ऑडिट, आणि वर्षाला अहवाल. तुम्ही एसईसीच्या कक्षेत नसाल तरी याच चौकटीत काम करा. ग्राहक उद्या जे विचारेल ते यातूनच येतं.

सगळं स्मेल्टरपाशी का येऊन थांबतं

खनिजाचा प्रवास साधारण असा असतो: खाण, गावपातळीवरचा व्यापारी, निर्यातदार, स्मेल्टर (खनिज वितळवून धातू काढणारा कारखाना), धातूचा व्यापारी, सोल्डर किंवा पावडर बनवणारा, सुटा भाग बनवणारा, असेंब्ली करणारा आणि शेवटी तुम्ही. स्मेल्टरच्या आधी माल पोत्यांत असतो. पोत्याला टॅग लावता येतो, वजन नोंदता येतं. भट्टीत मात्र पन्नास ठिकाणचं खनिज एकत्र वितळतं आणि त्यानंतर कुठलीही प्रयोगशाळा धातूच्या तुकड्याकडे पाहून खाण सांगू शकत नाही. शिवाय खाणी हजारो आणि कारखाने लाखो असले, तरी या चार धातूंचे स्मेल्टर आणि रिफायनऱ्या जगभरात काही शेच आहेत. म्हणून ऑडिट तिथे होतं. तुमचं काम आहे खालून वर जात त्या नावापर्यंत पोचण्याचं.

हे ऑडिट चालवणारी मुख्य संस्था म्हणजे रिस्पॉन्सिबल मिनरल्स इनिशिएटिव्ह, म्हणजेच आरएमआय. तिच्या ऑडिट कार्यक्रमाचं नाव आरएमएपी. सोन्याच्या बाबतीत एलबीएमए (लंडनची सोने-चांदी बाजार संघटना) आणि आरजेसी (दागिने उद्योगाची परिषद) यांची ऑडिटही ती मान्य करते. पुरवठादारांकडून माहिती घेण्यासाठी आरएमआयनंच बनवलेली एक्सेल फाइल जगभर चालते, ती सीएमआरटी. कोबाल्ट, अभ्रक अशा इतर खनिजांसाठी ईएमआरटी ही वेगळी फाइल आहे. दोन्ही फुकट मिळतात. स्वतःचा वेगळा फॉर्म बनवू नका. पुरवठादाराला तो समजत नाही आणि आलेली माहिती पुढे ग्राहकाच्या फॉर्ममध्ये बसत नाही.

पहिलं काम: बीओएम (उत्पादनातल्या भागांची यादी) चाळणं

पूर्ण पुरवठादार यादीला एकदम मेल टाकायचा मोह टाळा. खोके, लेबलं आणि ग्रीस देणाऱ्यांनाही फॉर्म गेला की उत्तरांचा ढीग येतो आणि कामाची उत्तरं त्यात बुडतात. आधी बीओएममधून थ्रीटीजी असलेले भाग वेगळे काढा.

कथील सगळ्यात जास्त ठिकाणी सापडतं. शिसेविरहित सोल्डरचा प्रचलित मिश्रधातू एसएसी३०५ म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबं. म्हणजे सोल्डर लागलेल्या प्रत्येक असेंब्लीत कथील आहेच. त्याशिवाय कथलाचा मुलामा दिलेले टर्मिनल, फॉस्फर ब्राँझच्या स्प्रिंगा, टिनप्लेटचे डबे, डिस्प्लेवरचा इंडियम टिन ऑक्साइडचा थर. नजरेतून हमखास सुटतं ते सेंद्रिय कथील: पीव्हीसीतला स्टॅबिलायझर आणि पॉलियुरेथेनमधला उत्प्रेरक. रसायन म्हणून खरेदी केलेल्या वस्तूत धातू असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

टँटॅलम मुख्यतः कपॅसिटरमध्ये असतं आणि काही सुपरअलॉय व चिप बनवताना वापरलेल्या पातळ थरांत. टंगस्टन चिपच्या आतल्या जोडण्यांत, टीआयजी वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडमध्ये, फिलामेंटमध्ये, हायस्पीड स्टीलमध्ये आणि कार्बाइडमध्ये. सोनं चिपच्या बाँड वायरमध्ये, कनेक्टरच्या संपर्कभागावर आणि बोर्डाच्या एनिग फिनिशमध्ये (निकेलवर सोन्याचा थर). एनिगमधला सोन्याचा थर साधारण ०.०५ ते ०.१ मायक्रॉनचा असतो. ‘इतकंसं सोनं कशाला धरायचं’ असा प्रश्न प्लेटर (मुलामा देणारा) हमखास विचारतो. एसईसीच्या नियमात किमान प्रमाणाची सूट नाही. जाणूनबुजून घातलेला आणि वस्तूच्या कामाला किंवा उत्पादनाला गरजेचा धातू असेल तर तो मोजायचाच, मग कितीही पातळ असो. कच्च्या मालात अशुद्धी म्हणून आलेला अंश मात्र धरायचा नाही.

इथे आणखी एक घोळ नेहमी होतो. कार्बाइडच्या ड्रिलनं भोक पाडलं म्हणून त्या भागासाठी टंगस्टनपुढे ‘होय’ लिहिलं जातं. हत्यार हे उत्पादनात राहत नाही, ते या हिशेबात येत नाही. तुम्ही कार्बाइडची हत्यारंच विकत असाल, तर गोष्ट वेगळी.

शोधायला सोपं जावं म्हणून मटेरियल डिक्लरेशनमध्ये कॅस नंबरांवर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) फिल्टर लावा: कथील ७४४०-३१-५, टँटॅलम ७४४०-२५-७, टंगस्टन ७४४०-३३-७, सोनं ७४४०-५७-५. पण फक्त एवढ्यावर थांबू नका, कारण संयुगांचे नंबर वेगळे असतात. टंगस्टन कार्बाइडचा १२०७०-१२-१ आहे, आणि डायब्यूटिलटिनच्या प्रत्येक संयुगाचा आपापला. म्हणून नावातही ‘टिन’, ‘स्टॅन’, ‘टंगस्ट’, ‘टँटॅल’, ‘ऑरो’ हे तुकडे शोधा.

यातून जे पुरवठादार उरतील त्यांचे दोन गट करा. एका गटात सोल्डर, चिप, टँटॅलम कपॅसिटर, सोन्याचा मुलामा असलेले कनेक्टर आणि प्लेटिंगचं जॉबवर्क. इथे खोलात जायचं. दुसऱ्या गटात ज्यांच्या मालात जेमतेम थोडं कथील आहे ते. त्यांच्याकडून फॉर्म घेतला आणि विसंगती तपासली की पुरे.

विचारणा

संघर्ष-खनिजांच्या अहवालाचा एसईसीचा फॉर्म एसडी दरवर्षी ३१ मेपर्यंत भरायचा असतो आणि तो आधीच्या कॅलेंडर वर्षासाठी असतो, तुमचं आर्थिक वर्ष काहीही असो. त्यामुळे ग्राहकांचे मेल जानेवारीत धो-धो येतात. तुम्ही स्वतःच्या पुरवठादारांना तेव्हा विचारायला बसलात तर उशीर झाला. सप्टेंबरमध्ये पहिली फेरी काढा, नोव्हेंबरपर्यंत उत्तरं तपासा, डिसेंबर-जानेवारीत चुका दुरुस्त करून घ्या आणि फेब्रुवारीत फक्त वर्ष संपेपर्यंतचे बदल विचारा.

पत्र लहान ठेवा, पण त्यात भागांचे नंबर हवेतच. असा मजकूर पुरतो:

‘सोबतच्या यादीतले भाग तुम्ही आम्हाला पुरवता. या भागांतल्या कथील, टँटॅलम, टंगस्टन आणि सोन्यासाठी सीएमआरटीच्या चालू आवृत्तीत माहिती द्यावी. शक्यतो उत्पादन पातळीवरची घोषणा द्यावी. कंपनी पातळीवरची देत असाल तर वरील भाग त्यात येतात का ते मेलमध्ये लिहावं. फाइल एक्सेलमध्येच पाठवावी, पीडीएफ किंवा फोटो नको. मुदत तीन आठवडे. तुमच्या मालात यांपैकी एकही धातू नसेल तरी फॉर्म भरून तसं नोंदवावं.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. उत्तर न येणं आणि ‘नाही’ असं उत्तर येणं यांत फरक राहिला पाहिजे.

तीन आठवड्यांनी आठवण, आणखी एका आठवड्यानं फोन, मग विषय पर्चेसच्या प्रमुखांकडे. नव्या कोटेशनसाठी सीएमआरटी नसलेल्या पुरवठादाराला थांबवायचं, हा नियम कंपनीनं लेखी मान्य केला की उत्तरांचं प्रमाण लगेच सुधारतं. क्वालिटी विभागाच्या मेलनं जे होत नाही ते खरेदीच्या एका अटीनं होतं, म्हणून ही अट पर्चेस ऑर्डरच्या सर्वसाधारण अटींतच घाला. वितरकाकडून घेतलेल्या कॅटलॉगच्या भागांसाठी वितरकामागे लागू नका. मोठ्या घटक-उत्पादकांच्या वेबसाइटवर सीएमआरटी ठेवलेला असतो, तो थेट उतरवा आणि उतरवल्याची तारीख लिहून ठेवा.

प्लेटिंगच्या जॉबवर्कमध्ये साखळी रसायनाच्या बाटलीतून जाते. प्लेटर सोनं विकत घेत नाही, तो पोटॅशियम गोल्ड सायनाइडसारखा सोन्याचा क्षार घेतो. त्यामुळे त्याच्या फॉर्ममध्ये रसायन-विक्रेत्याचं नाव रिफायनरी म्हणून येतं. प्लेटरला क्षार बनवणाऱ्याचं नाव विचारा आणि त्या उत्पादकाकडून रिफायनरीची यादी मिळवा. दोन मेल जास्त जातात, पण त्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

आलेला फॉर्म वाचायचा कसा

सगळं काम इथे ठरतं आणि बहुतेक ठिकाणी ते इथेच ढिलं पडतं. फाइल आली, फोल्डरमध्ये ठेवली, ट्रॅकरमध्ये हिरवी खूण केली, एवढ्यानं काहीही तपासलं जात नाही. फाइलमधलं ‘चेकर’ पान सगळं हिरवं दिसलं तरी त्याचा अर्थ रकाने भरले आहेत एवढाच. त्यात लिहिलेलं खरं आहे का, ते चेकरला कळत नाही.

आधी वरचा भाग बघा: आवृत्ती, घोषणेची व्याप्ती, जबाबदार माणसाचं नाव, तारीख. आवृत्ती जुनी असेल तर आतली स्मेल्टर यादीही जुनी. तारीख वर्षभरापूर्वीची असेल तर परत पाठवा.

मग घोषणेचे आठ प्रश्न एकमेकांशी ताडून बघा. पहिला प्रश्न विचारतो की हा धातू उत्पादनात किंवा उत्पादन प्रक्रियेत जाणूनबुजून वापरला आहे का. दुसरा विचारतो की तो उत्पादनात उरतो का. तिसरा वर सांगितलेल्या दहा देशांबद्दल, चौथा इतर संघर्षग्रस्त व जोखमीच्या भागांबद्दल. पाचवा शंभर टक्के पुनर्वापर किंवा भंगारातून आहे का याबद्दल. सहावा किती पुरवठादारांनी उत्तर दिलं, सातवा सगळे स्मेल्टर सापडले का, आठवा सापडलेले सगळे इथे लिहिले आहेत का.

समजा कनेक्टर बनवणाऱ्याचा फॉर्म समोर आहे. कथील ‘होय’, सोनं ‘होय’, टँटॅलम ‘नाही’, टंगस्टन ‘नाही’. पुढे स्मेल्टर यादीत टँटॅलमच्या अकरा ओळी. म्हणजे यादी कुठून तरी उचलून चिकटवली आहे. सातव्या प्रश्नाला ‘होय, सगळे सापडले’, पण यादीत तीन ठिकाणी ‘स्मेल्टर अजून ओळखलेला नाही’. सहाव्याला शंभर टक्के उत्तरं आली असं लिहिलंय, आणि सोन्यापुढे एकच रिफायनरी, ती नामवंत. पाचव्याला ‘होय, सगळं भंगारातून’, तर तिसऱ्यालाही ‘होय, दहा देशांतून’. यांतली एक विसंगती असली तरी फॉर्म परत जायला हवा, नेमका प्रश्न क्रमांक लिहून. ‘कृपया तपासून पाठवा’ एवढंच लिहिलं तर तोच फॉर्म नव्या तारखेनं परत येतो.

भागाच्या रचनेशीही उत्तर जुळलं पाहिजे. सोल्डर केलेल्या असेंब्लीला कथील ‘नाही’ असू शकत नाही. टँटॅलम कपॅसिटर पुरवणाऱ्यानं टँटॅलम ‘नाही’ लिहिलं, तर त्यानं प्रश्न वाचलेलाच नाही.

उलट बाजूची अडचण म्हणजे अतिमोठी यादी. कंपनी पातळीवरच्या घोषणेत पुरवठादार आपल्या सगळ्या मालाचे सगळे स्मेल्टर देतो. तीनशे नावं आली की त्यातलं एखादं तुमच्या भागात आहे की नाही, हे त्यालाही सांगता येत नाही. अशा वीस याद्या एकत्र केल्या की जगातले जवळजवळ सगळे स्मेल्टर तुमच्याकडे जमतात, आणि त्यातून तुमच्या मालाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून पहिल्या गटातल्या पुरवठादारांकडे उत्पादन पातळीच्या घोषणेचा आग्रह धरा. चिप बनवणारे सहसा देत नाहीत, सोल्डर आणि कपॅसिटर बनवणारे देऊ शकतात. जोखमीच्या स्मेल्टरचं नाव मोठ्या यादीत आलं तर पुरवठादाराला त्या एका नावाबद्दल विचारा: हा आमच्या या भागात आहे का, होय की नाही.

स्मेल्टरची पडताळणी

प्रत्येक स्मेल्टरला आरएमआयचा एक ओळख क्रमांक असतो: ‘सीआयडी’ आणि पुढे सहा आकडे. जुळणी नेहमी या क्रमांकावर करा, नावावर नाही. एकाच कारखान्याची चार-पाच नावं चलनात असतात: जुनं नाव, स्थानिक भाषेतलं, मूळ कंपनीचं. एक्सेलमध्ये जुळणी फसली तर आधी क्रमांकाच्या मागेपुढे रिकामी जागा चिकटली आहे का ते पाहा, बहुतेक वेळा तेवढंच असतं.

आरएमआयच्या सार्वजनिक यादीतून त्या क्रमांकाची स्थिती घ्या. ‘कन्फॉर्मंट’ म्हणजे ऑडिट झालं आणि मानकांत बसलं. ‘अॅक्टिव्ह’ म्हणजे ऑडिटची प्रक्रिया चालू आहे. यादीत नाव असणं आणि कन्फॉर्मंट असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सीएमआरटीच्या ड्रॉपडाउनमध्ये नाव आहे म्हणून तो स्मेल्टर चांगला, असा समज तर फारच धोक्याचा. ड्रॉपडाउन फक्त एवढं सांगतो की असा स्मेल्टर ओळखीचा आहे.

ज्यांना सीआयडी नाही अशी नावं निघतील. त्यांतली बहुतेक स्मेल्टर नसतातच: व्यापारी, सोल्डरचा ब्रँड, वायर ओढणारा, पोलाद कारखाना, कधीकधी पुरवठादाराचं स्वतःचंच नाव. पुरवठादाराला विचारा की या कारखान्यात खनिज किंवा भंगारापासून शुद्ध धातू बनतो का. उत्तर ‘नाही’ असं आलं तर तिथून एक पायरी वर जाऊन विचारायचं. खरोखरच नवा स्मेल्टर असेल तर त्याचं नाव, पत्ता आणि काय वितळवतो याची माहिती आरएमआयला कळवा.

यानंतर निर्बंधांच्या याद्या: अमेरिकेच्या ओएफएसीची (अर्थखात्याचं निर्बंध कार्यालय), युरोपीय संघाची आणि संयुक्त राष्ट्रांची. हा टप्पा टाळू नका. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेनं युगांडातल्या आफ्रिकन गोल्ड रिफायनरीवर निर्बंध घातले, मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघानं रवांडातल्या गसाबो गोल्ड रिफायनरीवर. अशी नावं पुरवठादारांच्या जुन्या याद्यांतून पुढे येत राहतात.

सोन्याबद्दल जास्त सावध राहा. कथलाचं खनिज टनांत जातं, ट्रक लागतो, कागद लागतात. सोनं खिशात घालून सीमा ओलांडता येते. त्यातच ‘भंगारातलं सोनं’ ही पळवाट आहे: खाणीतून आलेलं सोनं ओबडधोबड वितळवायचं आणि पुनर्वापराचं म्हणून विकायचं. त्यामुळे शंभर टक्के पुनर्वापर असा दावा असेल तर भंगार कसलं (दागिने, इलेक्ट्रॉनिक्स, कारखान्यातला कचरा), कोणत्या देशातून आणि कोणाकडून येतं, हे विचारा. दागिन्यांचा मोठा बाजार नसलेल्या देशातून टनांनी दागिन्यांचं भंगार येत असेल तर ती धोक्याची खूण आहे.

टॅगवरही आंधळा विश्वास नको. मध्य आफ्रिकेत पोत्यांना खाणीवर एक आणि पुढे व्यापाऱ्याकडे दुसरा टॅग लावण्याची पद्धत आहे. बेकायदा खाणीतला माल टॅग लावलेल्या मालात मिसळल्याचे आरोप तिथे वारंवार झाले. ही पद्धत चालवणाऱ्या इत्स्की या योजनेला आरएमआयनं दिलेली मान्यता २०२२ मध्ये थांबली. २०२४ मध्ये उत्तर किवूतल्या मासिसी भागातली रुबाया ही मोठी कोल्टान खाण एम२३ या सशस्त्र गटाच्या ताब्यात गेली. तिथला माल चोरून रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला जातो, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं नोंदवलं. याचा व्यवहारातला अर्थ असा, की टँटॅलम स्मेल्टर ‘कन्फॉर्मंट’ असला तरी शेवटचं ऑडिट कधी झालं आणि रवांडाचा माल तो कसा तपासतो, हे कपॅसिटर पुरवणाऱ्यामार्फत विचारणं तुमचं काम आहे.

जोखीम निघाली तर

ओईसीडी मार्गदर्शनाच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणत्या जोखमीला काय करायचं ते स्पष्ट आहे. बालमजुरीचे अतिवाईट प्रकार, वेठबिगारी, छळ, युद्धगुन्हे, किंवा बिगरसरकारी सशस्त्र गटांना मदत, अशी वाजवी शंका आली तर त्या वरच्या पुरवठादाराशी व्यवहार लगेच थांबवायचा. लष्कर किंवा पोलिसांची बेकायदा वसुली, लाचखोरी, उगमाची खोटी कागदपत्रं किंवा कर चुकवणं असेल तर व्यवहार चालू ठेवून सुधारणेचा आराखडा करता येतो. सशस्त्र दलांच्या वसुलीच्या बाबतीत आराखडा स्वीकारल्यापासून सहा महिन्यांत मोजता येईल अशी सुधारणा दिसली नाही, तर थांबायचं.

तुमच्या टेबलावर याचं रूप साधं असतं. निर्बंध असलेला स्मेल्टर तुमच्या भागात आहे असं नक्की झालं, तर त्या मालाची आवक थांबवा आणि कायदा विभागाला त्याच दिवशी कळवा. ऑडिट न झालेला किंवा मानकात न बसलेला स्मेल्टर असेल, तर पुरवठादाराला लेखी मुदत द्या. नव्वद दिवसांत त्यानं स्मेल्टरकडून ऑडिटची तयारी मिळवावी किंवा पर्यायी स्रोताची योजना द्यावी. पर्यायी मालाच्या क्वालिफिकेशनला वेळ लागतो, सोल्डर बदललं की रिफ्लो प्रोफाइल (सोल्डर वितळवतानाचं तापमान आणि वेळ) पुन्हा तपासावं लागतं, हे धरूनच मुदत ठरवा. आणि पुरवठादारानं नुसती यादीतली ओळ खोडून सुधारित फॉर्म पाठवला, तर स्वीकारू नका. खरेदी कधीपासून बंद झाली आणि त्याऐवजी कोण आला, हे विचारा. आठवड्याभरात एखादं नाव गायब झालं, तर बहुतेकदा फक्त फाइल बदललेली असते.

लहान कंपनीच्या पत्राला स्मेल्टर उत्तर देत नाही, हे खरं आहे. म्हणून आरएमआयसारख्या संस्थेच्या किंवा उद्योग संघटनेच्या सामूहिक पत्रात नाव घाला, किंवा तुमच्या मोठ्या ग्राहकाला त्या स्मेल्टरचं नाव कळवा. त्याच्या शब्दाला तिथे वजन असतं.

अहवाल आणि नोंदी

ग्राहकाला देण्याचा तुमचा स्वतःचा सीएमआरटी वरच्याच कसोटीवर तपासा. माहिती अपुरी असेल तर सातव्या प्रश्नाला ‘नाही’ लिहा. अनुभवी ग्राहक साठ टक्के उत्तरं आणि प्रामाणिक ‘नाही’ स्वीकारतो. सगळीकडे ‘होय’ असलेला फॉर्म त्याला जास्त खटकतो. खालच्या प्रश्नांत धोरण आहे का, ते जाहीर आहे का, सुधारणेची कारवाई करता का, हे विचारलेलं असतं. तिथे ‘होय’ लिहाल तर धोरणाची लिंक चालते का तेही बघा.

एसईसीकडे अहवाल भरणाऱ्यांनी उगम देशांची वाजवी चौकशी आधी दाखवायची असते. त्या दहा देशांतला आणि भंगारातून नसलेला धातू असल्याचं मानायला जागा असेल, तर सविस्तर तपास करून फॉर्म एसडीला कॉन्फ्लिक्ट मिनरल्स रिपोर्ट जोडायचा. ‘डीआरसी कॉन्फ्लिक्ट फ्री’ हे शब्द अहवालात किंवा जाहिरातीत सहज वापरू नका. एप्रिल २०१४ च्या अपील न्यायालयाच्या निकालानंतर कोणतंही उत्पादन अशा शब्दांत वर्णन करण्याची सक्ती राहिलेली नाही, पण अहवालात स्वतःहून तसा दावा केला की स्वतंत्र लेखापरीक्षण दाखवावं लागतं.

नोंदी किमान पाच वर्षं ठेवा: पाठवलेली पत्रं, आलेल्या मूळ फाइली, परत पाठवलेल्या चुकांचे मेल, स्मेल्टर यादी उतरवल्याच्या तारखा. स्मेल्टरची स्थिती मधेच बदलते, त्यामुळे दर तिमाहीला तुमची एकत्रित यादी नव्या सार्वजनिक यादीशी पुन्हा जुळवा. ज्यांची स्थिती खाली आली ते स्मेल्टर कोणत्या पुरवठादाराच्या कोणत्या भागाशी जोडलेले आहेत, हे एका फिल्टरमध्ये दिसलं पाहिजे. त्यासाठी एकत्रित यादी करताना पुरवठादार, भाग क्रमांक, धातू आणि सीआयडी हे चार रकाने प्रत्येक ओळीत भरा. डुप्लिकेट काढायच्या नादात पुरवठादाराचा रकाना उडवला, तर पुढच्या तिमाहीत पुन्हा सगळ्या फाइली उघडाव्या लागतात.